टेबलक्लॉथवरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल झाला, आता काय करावे?

सुमेधा_क (सोमवार, सकाळी १०.१२)

नमस्कार मंडळी. अक्षय तृतीयेला आमच्याकडे १२ माणसे जेवायला होती. त्या उत्साहात मी सासूबाईंनी लग्नाआधी स्वतः भरलेला दोसुतीचा पांढरा टेबलक्लॉथ कपाटातून काढून अंथरला. तो अंथरू नये असे मला कोणी सांगितले नव्हते, परंतु तो इतकी वर्षे कपाटातच का होता याचा विचार मी करायला हवा होता. बटाट्याच्या भाजीचा डाव वाढता वाढता कलंडला आणि तळहाताएवढा तेलकट पिवळा डाग पडला. पाहुणे निघताच मी कपडे धुण्याच्या साबणाची वडी त्यावर घासली, तर तो डाग माझ्या डोळ्यांदेखत कुंकवासारखा लाल झाला.

कापड हातात आले म्हणून नीट पाहिले, तेव्हा आणखी दोन गोष्टी आढळल्या. घडीच्या रेषेवर पाच-सहा तपकिरी ठिपके आहेत, आणि एका कोपऱ्यात शिवणीला लागून तीन बारीक काळे ठिपके व एक आडवी रेघ आहे. काळ्या ठिपक्यांवर दात घासण्याचा ब्रश फिरवून पाहिला, पण ते तसूभरही हलले नाहीत.

कापड सुती आहे. भरतकामात लाल, हिरवा आणि निळा दोरा आहे. सासूबाई नणंदेकडे गेल्या असून १५ दिवसांनी परत येणार आहेत. यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

खवचट_खापर (सोमवार, सकाळी १०.३१)

टेबलक्लॉथला आधी हळद लागली आणि मग कुंकूही लागले. आता मुहूर्त पाहून अक्षता टाकाव्यात, म्हणजे सासूबाई येईपर्यंत तो सासरी गेलेला असेल.

नीलाक्षी_सातारा (सोमवार, सकाळी १०.५०)

सुमेधाताई, लाल झाला म्हणजे डाग पक्का बसला असे माझी आई म्हणत असे. हळदीला साबण लावायचाच नसतो. ओल्या कापडावर लिंबू पिळून उन्हात टाकायचे, हा आमच्याकडचा एकमेव उपाय आहे. रंगीत दोऱ्याचे काय होईल, ते मात्र मला सांगता येणार नाही.

व्यवहारी_माणूस (सोमवार, सकाळी ११.१५)

इतका विचार कशाला करायचा? बादलीभर पाण्यात दोन झाकणे ब्लीच टाका आणि अर्ध्या तासाने काढा. पांढरे कापड पांढरेच राहील. आमच्या खानावळीतले सगळे रुमाल मी असेच काढतो.

दोरा_सुई (सोमवार, सकाळी ११.२२)

व्यवहारी, तुमच्या रुमालांवर भरतकाम नसते! मी हाच प्रकार आईच्या क्रॉस स्टिचच्या टेबलक्लॉथवर केला होता. लाल गुलाब फिकट गुलाबी झाले, हिरवी पाने पिवळी पडली आणि डागाची पुसट कडा तेवढी जशीच्या तशी राहिली. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय? पुढे दोन-तीन धुण्यांत ते कापड घडीवरच विरले, कारण ब्लीच सुताचा धागाही खाते.

रंगारी_इचलकरंजी (सोमवार, दुपारी १.४०)

मी कापड प्रक्रियेच्या कारखान्यात ३१ वर्षे काढली आणि आता निवृत्त आहे. माझे बहुतेक आयुष्य कापडाला रंग चढवण्यात गेले, त्यामुळे रंग उतरवण्याबद्दल थोडे बोलण्याचा अधिकार मला असावा.

नीलाक्षीताईंच्या आईंचा मान राखून सांगतो की, लाल झालेला डाग पक्का झालेला नसतो. हळदीतला पिवळा रंग, म्हणजे कर्क्युमिन, खार लागला की तांबडा होतो आणि आंबट लागले की पुन्हा पिवळा होतो. साबणात खार असतो, म्हणून वडी लावताच डाग लाल झाला. हळदीवर चुना किंवा टाकणखार यांची क्रिया करून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर आधारलेली आहे. खवचटरावांनी थट्टेने जे लिहिले, ते रसायनशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे. उलट खारामध्ये हा रंग पाण्यात थोडा जास्त विरघळतो आणि लवकर मोडतो. म्हणजे सुमेधाताईंच्या हातून नुकसान झालेले नाही, फक्त त्या घाबरल्या. लिंबू लावून लाल डाग पिवळा झाला, तर डाग गेला असे समजू नये. त्याने केवळ रंग बदललेला असतो.

खरी अडचण तेलाची आहे. हा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि स्पिरिटमध्ये मात्र सहज विरघळतो. फोडणीच्या तेलाने तो धाग्याच्या आत नेऊन बसवलेला असतो, म्हणून आधी तेल काढावे आणि मग रंगाकडे वळावे. भांडी घासण्याचा द्रव साबण डागावर ओतून बोटांच्या टोकांनी हलके मुरवावा, अर्धा तास ठेवावा आणि कापड उलटे धरून मागच्या बाजूने पाण्याची धार सोडावी, म्हणजे तेल ज्या वाटेने आत गेले त्याच वाटेने बाहेर पडते. पुढचे काम उन्हावर सोपवावे. कर्क्युमिन उजेडाला टिकत नाही, म्हणूनच हळदीने रंगवलेली कापडे उन्हात विटतात. रंगाऱ्याच्या दृष्टीने हा हळदीचा मोठा दोष आहे, आणि तुमच्या दृष्टीने हीच तिची कृपा आहे.

एक इशारा महत्त्वाचा आहे. काहीही करण्यापूर्वी प्रत्येक रंगाच्या दोऱ्यावर ओला पांढरा बोळा दोन मिनिटे दाबून ठेवा. बोळ्यावर रंग उतरला, तर कोमट पाणीसुद्धा वापरू नका. आणि डाग पूर्ण निघेपर्यंत त्यावर इस्त्री फिरवू नका.

बर्फातली_काकू (सोमवार, दुपारी ३.०५)

इथे जर्मनीत ऊन हा पाहुणा असल्यामुळे आम्हाला दुसरे मार्ग शोधावे लागतात. येथे ‘गालझायफे’ नावाची साबणाची वडी साध्या किराणा दुकानातही मिळते. ती बैलाच्या पित्तापासून बनवतात. पित्त पोटात जसे तेल-तूप फोडते, तसेच ते कापडावरही फोडते, त्यामुळे तेलकट डागांवर ती उत्तम चालते. मी ही वडी एकदा मोठ्या कौतुकाने आईसाठी घेऊन आले होते. कशाची आहे हे विचारल्यावर मी खरे सांगितले, आणि वडीबरोबर टेबलक्लॉथही घराबाहेर गेला.

कपडे वाळवण्याचे यंत्र वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. डाग गेला आहे याची खात्री झाल्याशिवाय कापड त्या यंत्रात घालू नये. त्यातली उष्णता इस्त्रीइतकीच घातक असते.

प्रश्नचिन्ह (सोमवार, सायंकाळी ५.१८)

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून लावल्यावर डाग फसफसून वर येतो, असे अनेक व्हिडिओंमध्ये दाखवतात. त्यात काही तथ्य आहे का?

रंगारी_इचलकरंजी (सोमवार, सायंकाळी ६.०२)

फेस दिसतो तो केवळ कार्बन डायऑक्साइडचा. सोडा खार आहे आणि व्हिनेगर आम्ल आहे. दोघे एकमेकांना संपवतात आणि बादलीत जवळजवळ निरुपयोगी असे सोडियम अ‍ॅसिटेटचे पाणी उरते. वेगवेगळे वापरले तर दोघांनाही थोडेफार काम आहे. आणि हा विषय निघालाच आहे, तर व्यवहारींच्या ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे आम्ल कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू बाहेर पडतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो.

व्यवहारी_माणूस (सोमवार, सायंकाळी ६.२०)

मिसळण्याचा सल्ला मी दिलेला नाही, हे नोंदवून ठेवावे. भरतकामाचा मुद्दा मात्र मान्य आहे.

मांडवीकाठ (सोमवार, रात्री ९.४४)

आमच्या गोव्यात टेबलावर कापड अंथरण्याची हौस मोठी असते. सणासुदीला क्रोशाचे किंवा भरतकामाचे पांढरे कापड अंथरले जाते आणि त्यावर सोलकढीपासून रेड वाइनपर्यंत सर्व काही सांडते. आमसुलाच्या रंगाची गंमत हळदीच्या अगदी उलट आहे. सोलकढीच्या गुलाबी डागाला साबण लागला की तो निळसर-करडा होतो आणि माणसाला वाटते की कापड कायमचे गेले. घाबरू नये. भरपूर साध्या पाण्याने साबण काढावा, लिंबाचे पाणी लावून डाग पुन्हा गुलाबी करावा आणि मग थंड पाण्यात निघेल तेवढा काढावा. जांभळाच्या आणि वाइनच्या डागांचेही असेच आहे. वाइन सांडताच लोक मिठाचा ढीग घालतात. मीठ ओल टिपते, पण टेबलावर इतर काही नसेल तेव्हाच त्याचा उपयोग आहे. दुमडलेला कोरडा रुमाल दाबून टिपणे आणि लगेच थंड पाणी घालणे त्यापेक्षा बरे.

काजूच्या बोंडांपुढे मात्र आम्हीही हात टेकले आहेत. बोंडाचा रस ओला असताना दिसतसुद्धा नाही आणि दुसऱ्या दिवशी तपकिरी डाग म्हणून उगवतो. म्हणून हंगामात काजूच्या बागेत जायचे कपडेच वेगळे ठेवलेले असतात.

दोरा_सुई (मंगळवार, सकाळी ८.१०)

मांडवीकाठ, ‘दिसतसुद्धा नाही आणि नंतर उगवतो’ हे वाचून सुमेधाताईंच्या घडीवरचे तपकिरी ठिपके आठवले. माझ्याकडे एका रुमालावर असेच झाले होते. त्यावर उसाचा रस सांडला होता आणि मी तो नुसत्या पाण्यात खळबळून ठेवून दिला होता.

रंगारी_इचलकरंजी (मंगळवार, सकाळी ९.२५)

निदान अचूक आहे. सरबत, फळांचा रस, चहातली साखर यांचा अंश धाग्यात राहिला, तर तो वाळल्यावर दिसत नाही. पुढे कपाटातल्या हवेने आणि विशेषतः इस्त्रीच्या उष्णतेने तो हळूहळू तपकिरी होतो. इस्त्री घडीच्या रेषेवर जोरात दाबली जाते, त्यामुळे तो तिथे आधी दिसू लागतो. असा जुना डाग साबणाने हलत नाही. त्यासाठी ऑक्सिजन सोडणारा पदार्थ हवा. औषधांच्या दुकानात ‘२० व्हॉल्यूम’ असे लिहिलेले हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते, ते सुमारे ६ टक्क्यांचे असते. त्यात तितकेच पाणी मिसळून कापसाच्या बोळ्याने फक्त ठिपक्यांवर लावावे, १५ मिनिटांनी धुवावे आणि गरज पडली तर पुन्हा करावे. डोळे आणि हात सांभाळावेत. भरतकाम नसलेले पांढरे कापड असेल, तर सोडियम परकार्बोनेट अधिक सोयीचे आहे. बादलीत ४० ते ६० अंश तापमानाच्या पाण्यात ते विरघळवून कापड रात्रभर बुडवून ठेवता येते. त्यात खार असल्यामुळे हळदीचा डाग त्यात आधी लाल होईल. आता त्याला कोणी घाबरणार नाही अशी आशा आहे.

ब्लीचचा शोध लागण्याआधी युरोपात लिननचे कापड खाराच्या पाण्यात उकळत, आंबट ताकात भिजवत आणि कित्येक आठवडे गवतावर उन्हात पसरून ठेवत. चार्ल्स टेनंट यांनी १७९९ मध्ये ब्लीचिंग पावडरचे पेटंट घेतले, तेव्हा ती कुरणे मोकळी होऊ लागली. तेव्हा लिंबू आणि ऊन सांगणाऱ्या आजीला कोणी मागासलेली समजू नये.

कोथरूडकर_काका (मंगळवार, सकाळी १०.४८)

उन्हाच्या बाबतीत माझा एक अनुभव सांगतो. हळद घालवण्यासाठी मी चार रुमाल गच्चीवरच्या तारेवर दोन दिवस ठेवले. हळद गेली, पण तार लोखंडी असल्यामुळे प्रत्येक रुमालाच्या मधोमध गंजाची सरळ रेघ उमटली. मग मी बुद्धिमान माणसासारखे त्यावर ब्लीच ओतले आणि ती रेघ अधिकच ठसठशीत झाली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते असे. घरात ‘काकांचे रेघांचे रुमाल’ या नावाने ते अजून प्रसिद्ध आहेत.

नीलाक्षी_सातारा (मंगळवार, सकाळी ११.०६)

काका, गंजावर लिंबू आणि मीठ लावून कापड ओले असतानाच उन्हात ठेवा. आमच्याकडे बोअरच्या पाण्यामुळे असे ठिपके नेहमी पडतात आणि दोन-तीन वेळा केल्यावर ते जातात. पसरायचे मात्र नायलॉनच्या दोरीवर!

रंगारी_इचलकरंजी (मंगळवार, सकाळी ११.३०)

नीलाक्षीताईंचे येथे शंभर टक्के बरोबर आहे. लिंबातले आम्ल गंजातले लोह पकडून पाण्यात ओढते, तर ब्लीच गंजाला हातही लावत नाही. काकांनी ब्लीच आधी नीट धुऊन काढावे आणि मगच लिंबू लावावे. कारण काल लिहिले आहे.

खवचट_खापर (मंगळवार, दुपारी १२.१५)

पूर्वीच्या बायका अंगावर सोन्याचे डाग घालून मिरवायच्या आणि आता डाग घालवायला बायका-पुरुष मिळून रसायनशास्त्र शिकत आहेत. माझा उपाय साधा आहे. टेबलावर मेणकापड अंथरावे आणि ओल्या फडक्याने पुसून मोकळे व्हावे.

बर्फातली_काकू (मंगळवार, दुपारी २.४०)

मेणकापडावरून मेणाची आठवण झाली. नाताळात टेबलावर मेणबत्त्या लावल्या की कापडावर मेण हमखास ओघळते. ते ओले असताना पुसू नये. बर्फाचा तुकडा ठेवून ते कडक करावे, चमच्याच्या कडेने खरवडावे, उरलेल्यावर खाली-वर टिपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवावी आणि प्रत्येक वेळी कागद बदलावा. इस्त्री येथे चालते, कारण मेण वितळूनच निघते. मेणबत्ती रंगीत असेल, तर मागे उरलेला रंग स्पिरिटने टिपावा.

सुमेधा_क (पुढचा बुधवार, रात्री ८.५५)

सर्वांचे मनापासून आभार. नऊ दिवसांनी हजेरी लावत आहे, कारण मध्यंतरी मी खरोखरच कामाला लागले होते.

रंगारीकाकांनी सांगितल्याप्रमाणे आधी दोरे तपासले. हिरवा आणि निळा दोरा पक्का निघाला, लाल दोऱ्याचा मात्र बोळ्यावर फिकट गुलाबी ठसा उमटला. त्यामुळे सर्व काम थंड पाण्यात केले. भांड्यांचा द्रव साबण तीन वेळा लावला आणि प्रत्येक वेळी उलट्या बाजूने धार सोडली. पहिल्या वेळी खालच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, तिसऱ्या वेळी दिसला नाही. पुढे ऊन भरतकामालाही लागेल, हे लक्षात आल्यावर मी वर्तमानपत्राच्या चौकोनात डागाएवढे छिद्र पाडले आणि खाली पुन्हा पांढऱ्या कागदाचा थर घालून ते कापडावर टाचले, म्हणजे फुले सावलीत आणि डाग उन्हात राहिला. सकाळी १० ते दुपारी ३ असे तीन दिवस गच्चीत चटईवर पसरले आणि दर तासाला डागावर पाणी शिंपडले. पहिल्या संध्याकाळी डाग लिंबाच्या सालीसारखा फिकट झाला. तिसऱ्या दिवशी तो नेमका कोठे होता, हे मला शोधावे लागले.

पेरॉक्साइडने चार तपकिरी ठिपके गेले. एक लाल पाकळीला अगदी चिकटून असल्यामुळे त्याला मी हात लावला नाही.

कोपऱ्यातले काळे ठिपके मात्र जसेच्या तसे आहेत. साबण, लिंबू, पेरॉक्साइड, स्पिरिट यांपैकी कशालाही ते दाद देत नाहीत. आता सासूबाई शनिवारी येत आहेत. हे नेमके कशाचे डाग असावेत?

रंगारी_इचलकरंजी (बुधवार, रात्री ९.३०)

कागदाचे छिद्र वाचून आनंद झाला, ते मला सुचले नव्हते. काळ्या ठिपक्यांकडे माझे पहिल्या दिवशीच लक्ष जायला हवे होते. ते शिवणीला लागून, उलट्या बाजूला आहेत का? आणि ठिपके ओळीत असून रेघ त्यांच्या खाली आहे का?

सुमेधा_क (बुधवार, रात्री ९.३४)

होय. उलट्या बाजूला, एका ओळीत तीन ठिपके आणि खाली रेघ. तुम्हाला कसे कळले?

रंगारी_इचलकरंजी (बुधवार, रात्री ९.५२)

ती परिटाची खूण आहे. पूर्वी अनेक घरांचे कपडे एकाच भट्टीत पडत. खाराच्या वाफेतून आणि दगडावरच्या आपटण्यातून निघाल्यावरही कोणते कापड कोणाचे हे ओळखू यावे, म्हणून परीट बिब्ब्याच्या रसाने कोपऱ्यात ठिपके आणि रेघा काढत आणि वर चुना लावत. प्रत्येक घराची खूण वेगळी असे. तुमच्या घराची खूण तीन ठिपके आणि एक रेघ अशी असावी. बिब्ब्याचा रस हवा लागल्यावर काळा होतो आणि धाग्यात कायमचा बसतो. अंगाला लागला तर फोड येतात, म्हणून तो काडीने लावत. बिब्बा, काजू आणि आंबा ही एकाच कुळातली झाडे आहेत. आंब्याच्या देठाचा चीकही तितकाच चिवट असतो, हे या हंगामात लक्षात ठेवलेले बरे.

मांडवीकाठ (बुधवार, रात्री १०.०५)

तरीच आम्ही काजूपुढे हात टेकले! घराणेच तसे आहे.

दोरा_सुई (बुधवार, रात्री १०.१२)

सुमेधाताई, ठेवताना खळ घालू नका. खळीवर कसर येते. कापड पूर्ण कोरडे करून, इस्त्रीची घडी न घालता, जुन्या मऊ पंचात गुंडाळून ठेवा.

सुमेधा_क (बुधवार, रात्री १०.२०)

तसेच करते. रंगारीकाका, शेवटचे विचारते. ती खूण निघणारच नाही का?

रंगारी_इचलकरंजी (बुधवार, रात्री १०.२३)

नाही. परीटघडीच्या हिशेबात ती निघाली असती, तर तुमचा टेबलक्लॉथ आज दुसऱ्याच्या कपाटात असता. ब्रश ठेवून द्या.